छावणीतले बॅकपॅकर

सुवर्णा माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघते. आधी पाय बघते. पायांवरून गुडघे, गुडघ्यांवरून खांदे, आणि एवढी तपासणी होऊन मन भरलं की मान वर करून "नमस्कार काका" म्हणते.

आमची पहिली भेट टेबलाखालून झाली. मी छावणीच्या तोंडाशी मांडवात टेबल टाकून बसलो होतो. समोर कुणी आल्यासारखं वाटलं म्हणून वहीतून मान काढली, तर एक भलीमोठी सॅक तेवढी दिसली. सॅकची मालकीण वाकून टेबलाखाली बघत होती. मला वाटलं, काही पडलं असेल.

"काका, डाव्या टाचंला भेग हाय," खालून आवाज आला. "आन् तुमी सगळं वजन उजव्या पायावर टाकता. उजवा गुडघा कवापासून धरलाय?"

"तू कोण बाई?"

"ते सांगते. आधी गुडघ्याचं सांगा."

गुडघा तीन वर्षांपासून धरला होता आणि ही गोष्ट बायको सोडून कुणालाही ठाऊक नव्हती. मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. सचिवाचा गुडघा गेला असं कळलं की सभासद दुसरा सचिव शोधायला लागतात. म्हणून मी चारचौघांत तोंड वाकडं न करता उठायला शिकलो होतो. या पोरीनं ते गुपित दोन मिनिटांत बाहेर काढलं, आणि वर म्हणाली, "थांबा, नोंद करते."

हे तिचं पेटंट वाक्य. कुणी कण्हलं, कुणी उठताना "आई गं" म्हटलं, कुणी नुसतं चपलेतून पाय बाहेर काढून बोटं मोकळी केली, तरी सुवर्णा म्हणायची, "थांबा, नोंद करते." पुढं पुढं म्हाताऱ्यांनी धसका घेतला. ती दिसली की छावणीभर सगळे एकदम निरोगी व्हायचे.

आता छावणीचं सांगतो. आमचं गाव बीडकडून कपिलधारच्या देवस्थानाला जाणाऱ्या वाटेवर. सलग दुसऱ्या वर्षी विहिरींचे तळ दिसायला लागले होते आणि गावागावातली जनावरं खाटकाच्या वाटेला लागू नयेत म्हणून आमच्या संस्थेनं चारा छावणी घेतली होती. माळावर बांबू रोवून, वर हिरव्या जाळ्या टाकून जनावरांच्या रांगा केलेल्या. जनावराला एकटं सोडता येत नाही, म्हणून प्रत्येक घरातलं एक माणूस मुक्कामाला. तरणी माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली. मग मागं उरलं कोण? म्हातारे आणि म्हाताऱ्या. अंथरुण, दोन भांडी, औषधाच्या गोळ्या आणि एक गाठोडं घेऊन ही मंडळी महिनोन् महिने उघड्या माळावर राहत होती.

सुवर्णा पुण्यात डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं सॅकमधून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. वर्गातल्या प्रत्येकाला एकेक विषय दिलेला, आणि हिच्या वाट्याला आलं होतं, साठीपुढच्या बॅकपॅकर लोकांसाठी प्रवासातली आरोग्यसाधनं.

"बॅकपॅकर म्हणजे?" मी विचारलं.

"पाठीवर सॅक टाकून दूरदूर फिरणारी मानसं. हॉटेलात राहत न्हाईत. जिथं जागा मिळंल तिथं मुक्काम करतात."

"मग बाई, तू हिमालयात जा. नाहीतर गोव्याला. तिथं असले गोरे म्हातारे पायलीला पन्नास मिळतात."

"वर्गातले बाकीचे तिकडंच गेलेत." तिनं छावणीवर नजर फिरवली आणि बोटं मोजायला लागली. "काका, वय साठीच्या पुढं. सामान पाठीवर न्हाईतर डोक्यावर. घर सोडून दोन महिने झाले. उघड्यावर मुक्काम. पानी मोजून. डाक्टर लांब. आता तुमीच सांगा, माज्या कागदावर जे लिवलंय ते हेच हाय का न्हाई?"

मी कागद पुन्हा वाचला. ते हेच होतं. फक्त फिरण्याची हौस तेवढी नव्हती.

ती मूळची शिरूर कासार तालुक्यातली. तिच्या स्वतःच्या गावात का गेली नाही, असं विचारलं तर म्हणाली, "तिथं बघायला मानसंच न्हाईत. सगळं गाव उसाच्या फडावर हाय." एवढं म्हणून तिनं सॅक उचलली. मी सोनाबाईच्या खोपीत तिची सोय करून दिली.

सोनाबाई म्हणजे अडुसष्ट वर्षांची, बारीक अंगाची, मोठ्या आवाजाची म्हातारी. तिची एक म्हैस. शेजारच्या दावणीला गंगाराम तात्यांची चांदणी गाय. तात्या बहात्तरचे. दोन दावणींच्या मधे छावणीतली एकुलती एक बाभळ, आणि त्या बाभळीच्या सावलीवरून दोघांचं जे भांडण लागलं होतं त्याला तोड नव्हती. दुपारपर्यंत सावली गाईवर पडायची, दुपारनंतर म्हशीवर. सूर्य सरकतो ही गोष्ट दोघांनाही मान्य नव्हती. सावली हलली की तात्या म्हणायचे, "वढली म्हातारीनं!" सरळ एकमेकांशी बोलणं बंद होतं. तात्यांना काही सांगायचं झालं की ते गाईला सांगायचे, आणि सोनाबाई म्हशीला.

दुसऱ्याच दिवशी सुवर्णानं वजनं करायला घेतली. चाऱ्याच्या पेंढ्या तोलायला आमच्याकडे मोठा काटा टांगलेला होता. चारावाटप संपलं की ती एकेका म्हाताऱ्याला बोलवायची, त्याचं गाठोडं आकड्याला अडकवायची आणि मग एकेक वस्तू बाहेर काढून विचारायची, "हे वजन कशाचं?"

तात्यांचं गाठोडं अकरा किलो भरलं. उघडलं तर आत वरवंटा.

"तात्या, वरवंटा?"

"मंग चटनी कशानं वाटू? तुज्या डोस्क्यानं?"

"आन् पाटा?"

"पाटा कशाला आनायचा? दगूड कुटं बी गावतो. पर हातात बसल आसा वरवंटा गावत न्हाई बाय. चाळीस वर्सं झाली, ह्यो हाताला बसलाय."

मला हसू आवरेना. सुवर्णा मात्र हसली नाही. तिनं वरवंटा हातात घेऊन बघितला, तो जिथं झिजला होता तिथं अंगठा फिरवला आणि वहीत काहीतरी लिहिलं. रात्रंदिवस तिच्याच बरोबर असणारी ती वही मी एकदा चोरून वाचली. त्या पानावर होतं, "जे हाताला बसलंय ते काढून घ्यायचं नाही. बाकीचं हलकं करायचं."

सोनाबाईची तऱ्हा वेगळी. तिच्या गाठोड्यात वजन काहीच नव्हतं, कारण महत्त्वाचं सगळं पदराच्या गाठीत. गाठ सोडली तर त्यात सुपारी, तपकिरीची डबी आणि निरनिराळ्या गोळ्यांचा काला.

"आजी, ह्यातली कुठली गोळी कवा घेता?"

"पांढरी सकाळच्याला. पिवळी जेवल्यावर."

"आन् गुलाबी?"

"गुलाबी लई कट्टाळा आला की."

सुवर्णानं कपाळाला हात लावला. "आजी, ती रक्तदाबाची गोळी हाय! रोज घ्यायची असती!"

"रोज कुटं कट्टाळा येतुया?"

पुढचे चार दिवस ती सुईदोरा घेऊन बसली आणि एक पट्टा शिवून काढला. त्याला तीन कप्पे. एक गोणपाटाचा खरबरीत, एक मऊ मखमलीचा, एक टोचऱ्या जरीच्या काठाचा. न वाचता, अंधारातसुद्धा नुसत्या बोटांना कळावं की ही गोळी कुठली. सोनाबाईनं पट्टा कमरेला बांधला आणि दुसऱ्या दिवशी छावणीतल्या सात म्हाताऱ्या "आमाला बी शिव" म्हणून रांगेत उभ्या राहिल्या. पट्ट्याच्या चौथ्या कप्प्याची मागणीही सर्वांनी केली. तपकिरीसाठी.

इथपर्यंत सगळं गमतीत चाललं होतं. मग तिनं पाण्याला हात घातला.

म्हातारपणी तहान कळत नाही, असं तिनं मला समजावून सांगितलं. अंगातलं पाणी आटत जातं आणि माणसाला पत्ता नसतो. म्हणून तिनं बाटल्यांच्या गळ्याला दोऱ्या बांधल्या आणि प्रत्येक दोरीत आठ मणी ओवले. एक पेला पाणी प्यायचं आणि एक मणी खाली ओढायचा. संध्याकाळी आठही मणी खाली आले पाहिजेत. तिची ही सगळ्यात लाडकी युक्ती. रोज संध्याकाळी ती दावणीदावणीनं मणी तपासत जायची. सगळ्यात नेमके मणी तात्यांचे. रोज आठच्या आठ खाली. ती त्यांचं नाव घेऊन इतरांना सांगायची, "तात्यांचं बघा!" आणि तात्या मिशीतल्या मिशीत हसायचे.

चैत्राच्या तोंडाशी, भर दुपारी, वैरण टाकता टाकता तात्या आडवे झाले. डोळे पांढरे, ओठ चिरलेले. आम्ही त्यांना जीपमध्ये घालून आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावली आणि म्हणाले, ह्यांच्या अंगात पाणीच नाही.

"पर ते रोज आठ पेले पितात!" सुवर्णा म्हणाली. तिनं पुरावा म्हणून बाटलीच बरोबर आणली होती. सहा मणी खाली होते आणि दुपारचे दोन वाजले होते.

तात्यांनी डोळे उघडले. बाटलीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. 

"मनी वढत हुतो बाय. तुला बरं वाटायचं."

"आन् पानी?"

"चांदनी गाबन हाय. टँकरचं पानी तिला पुरतंय का?"

सुवर्णा या वेळी "नोंद करते" सुद्धा म्हणाली नाही. परत आल्यावर तिनं सगळ्यांच्या बाटल्यांच्या दोऱ्या कापून टाकल्या, मणी एका डब्यात भरले आणि डबा सॅकच्या तळाला घातला. तीन दिवस वही उघडली नाही. मी समजूत काढायला गेलो तर म्हणाली, "काका, मी म्हाताऱ्या मानसाला खोटं बोलायचं साधन करून दिलं." तात्यांच्या चांदणीसाठी वाढीव पाण्याची सोय मी केली. तिच्या मनाची सोय मला जमेना.

ती सोनाबाईनं केली, स्वतःच्याही नकळत. तात्या परत आले तरी पाणी पिण्याचं नाव नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी सोनाबाईला राहवलं नाही. इतक्या दिवसांचा अबोला मोडून, म्हशीला मधे न घालता, तिनं सरळ तात्यांच्या अंगावर तांब्या रोखला. "पी की मुडद्या! मरतूस का काय हितं? तुजी गाय मी पाळू व्हय?"

तात्यांनी मुकाट्यानं तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला.

सुवर्णा खोपीच्या दारातून बघत होती. ती तशीच धावत माझ्या टेबलापाशी आली. "काका! त्यांला तहान कळत न्हाई, पर दुसऱ्यानं म्हटल्यावर नकार देता येत न्हाई!" आणि मला टेबलावरून उठवून, टेबलावर कापड पसरून, कात्री घेऊन बसली. त्या दिवशीचं चारावाटप मी उभ्यानं केलं. गुडघ्यासकट.

तिनं जोडीच्या सॅक शिवल्या. दोन माणसांच्या दोन. गंमत अशी की आपली बाटली आपल्याच पाठीवर, पण अशा जागी की आपला हात पोचणार नाही. ती बरोबरच्या माणसानंच काढून द्यायची. आपल्या गोळ्या दुसऱ्याच्या सॅकमध्ये आणि दुसऱ्याच्या आपल्याकडे. म्हणजे चालताना एकमेकांना विचारल्याशिवाय पुढं जाताच येत नाही.

"आणि दोघांचं पटत नसेल तर?" मी म्हणालो.

"तेच बघायचं हाय," ती म्हणाली आणि पहिली जोडी लावली तात्या-सोनाबाईची.

"तिला पानी मागू?" तात्या म्हणाले. "त्यापरीस मी पुन्यांदा सलाईन लावून घीन."

परीक्षा घ्यायला पुण्याहून सुवर्णाच्या मॅडम आल्या. मी गाडीची वाट बघत होतो, तर बाई एस.टी.नं फाट्यावर उतरून तीन किलोमीटर चालत आल्या. वय साठीपलीकडे, पांढरे केस आखूड कापलेले, पायात डोंगरात चालायचे बूट, पाठीवर सॅक. सुवर्णानं माझ्या कानात सांगितलं, "काका, खऱ्या बॅकपॅकर ह्याच. सगळे डोंगर एकट्यानं फिरल्यात."

तात्यांनी बाईंना खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि आपुलकीनं विचारलं, "घरी भांडान झालं का काय, बाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कपिलधारपर्यंत चालत जायचं ठरलं. पहिली जोडी तात्या-सोनाबाईची. दुसरी जोडी मॅडमची आणि, दुसरं कुणी मोकळं नसल्यानं, माझी.

पुढच्या जोडीचा आवाज सगळ्या डोंगराला ऐकू जात होता. "बाटली काड!" "हळू बोल, बहिरी न्हाई मी." "गोळी घेतली का?" "तू दिलीस का?" "मागितलीस का?" भांडत भांडत दोघांनी चढ कधी संपवला ते त्यांनाच कळलं नाही. मागची जोडी मात्र गप्प. मॅडम झपझप चालत होत्या. मधेच त्यांचा हात सवयीनं मागं गेला, बाटलीला लागला नाही, परत पुढं आला. थोड्या वेळानं पुन्हा गेला, पुन्हा परत आला. मागायचं त्यांच्या तोंडून निघेना. आपणहून द्यावं की नाही, हे मला समजेना. परक्या बाईच्या पाठीवरच्या पिशवीत हात कसा घालायचा?

शेवटी तात्याच वळले. "सचिव, आरं पानी दे की बाईला! तोंड वाळून चाललंय तिचं."

मी बाटली काढून दिली. मॅडमनी ती एका दमात अर्धी केली आणि हळूच "थँक्यू" म्हणाल्या.

कपिलधारच्या धबधब्याला पाणी नव्हतं. काळ्या कड्यावर पाणी जिथून उतरतं तिथं नुसता पांढरट पट्टा उमटला होता. देवाचं दर्शन घेऊन आम्ही खाली सावलीत बसलो. मॅडमनी सॅक मांडीवर घेऊन शिवण तपासली, पट्टे ओढून बघितले, गोळ्यांच्या कप्प्यांतून डोळे मिटून बोट फिरवलं. "काम स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. सुवर्णाचा चेहरा खुलला.

"पण मी एकटी फिरते. साठीनंतर पुष्कळ माणसं एकटी असतात. जोडी कुठून आणायची त्यांनी? याचं उत्तर नसेल तर हे काम अर्धं आहे, आणि अर्ध्या कामावर मी सही करत नाही. उद्या दुपारच्या गाडीनं मी जाणार आहे. तोवर विचार कर."

सुवर्णाचं वर्ष वाया जायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या टेबलापाशी आली. डोळे लाल, बोटांना सुईची टोकं लागलेली. मॅडम बसल्या होत्या. तात्या आणि सोनाबाई निकाल ऐकायला दूध घालून तसेच थांबले होते. सुवर्णानं एका सॅकच्या खांदपट्ट्याला प्लास्टिकचा छोटा कप्पा शिवला होता आणि आत जाड कागदाचं कार्ड. त्यावर छापल्यासारख्या अक्षरात एवढंच, "मी रोज मुक्कामाला पोचलो की यांना कळवतो." आणि खाली मोकळी जागा.

"मॅडम, एकट्या माणसाचा जोडीदार शेजारी नसला तरी चालेल," ती म्हणाली. मॅडमशी ती पुस्तकी मराठी बोलायची. "पण कुठेतरी पाहिजे. संध्याकाळी निरोप आला नाही की त्यानं शोधायला लागायचं. निरोप द्यायचाय म्हणून हा माणूस वेळेवर मुक्काम करेल. जेवेल. पाणी पिईल."

मॅडमनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. "भरून दाखव," त्या म्हणाल्या. "कोरा नमुना मी तपासत नाही. तुझंच भर. तूही एकटीच फिरतेस ना?"

सुवर्णानं पेन घेतलं. टोक कागदावर टेकवलं आणि तिथंच ठेवलं. मला वाटलं, शाई उतरत नसेल. मग बघितलं, तर पेन हललंच नव्हतं.

"आईबाप कुठं आहेत तुझे?" मॅडमनी विचारलं.

"फडावर. यंदा कर्नाटकात." पुस्तकी मराठी गळून पडली. "फोन मुकादमाकडं असतो. त्यानं उचलला तर उचलला. दसऱ्यानंतर गेले की पाडव्याच्या पुढंच येतात. ल्हानपनापासून तसंच हाय. मी वसतिगृहात ऱ्हायचे." तिनं पेन खाली ठेवलं. "पुन्याला पहिल्यांदा गेलते तवा गाडीतून उतरल्यावर फोन काढला हातात. सगळी पोरं घरी फोन करत हुती. मंग ध्यानात आलं, आपलं कुनाला करायचा ते ठरलेलंच न्हाई. परत खिशात ठिवला."

 माझं नाव लिही, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सचिवाची जात. मनातल्या मनात ठराव मांडून, अनुमोदन मिळवून, सही करेपर्यंत वेळ जातोच. तेवढ्यात तात्या उठले.

"ते शाईचं डबडं कुटंय तुजं?" त्यांनी मला विचारलं.

अंगठे घ्यायचं पॅड टेबलावरच होतं. तात्यांनी अंगठा त्यात दाबला, धोतराला जादाची शाई पुसली आणि कार्डावरच्या मोकळ्या जागेत नीट, सावकाश उमटवला.

"तात्या, तुमच्याकडं फोन न्हाई," सुवर्णा म्हणाली.

"नसंना. सचिवाकडं हाय. त्यो यीऊन सांगंल मला."

"आन् मला कोन सांगनार?" सोनाबाई म्हणाली.

"मी सांगन की."

"तू? तू गाईला सांगशील!"

मॅडम हसल्या. सुवर्णा हसली की रडली हे मला दिसलं नाही, कारण ती एकदम खाली वाकून टेबलाखाली पडलेलं टोपण शोधायला लागली होती. टोपण पेनालाच होतं. मॅडमनी तिच्या अहवालावर सही केली, सॅक पाठीवर चढवली आणि निघता निघता म्हणाल्या, "असलं एक कोरं कार्ड मला दे. मी गाडीत भरेन." कार्ड त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं. ते पुढं भरलं की नाही, मला माहीत नाही.

पुढं छावणी उठली. जनावरं आपापल्या गोठ्यात गेली. चांदणीला कालवड झाली. सुवर्णाला पुण्यात सॅक बनवणाऱ्या एका ठिकाणी काम लागलं. जोडीच्या सॅक तिथं खरोखरच निघतात, आणि साठीपुढच्या मंडळींबरोबर त्या वापरून बघायला तिला डोंगरदऱ्यांतून हिंडावं लागतं. आईबाप अजून कोयत्यावर जातात. ती थांबा म्हणते, ते थांबत नाहीत.

जिथं जाईल तिथून संध्याकाळी मला फोन येतो. "काका, पोचले." दोनच शब्द. सकाळी तात्या संस्थेत दूध घालायला आले की मी मापाकडे बघत सांगतो, "पोचली." ते म्हणतात, "बरं." आणि किटली उचलून सोनाबाईच्या वस्तीवरून घराकडे जातात. ती वाट लांबची आहे.

एका संध्याकाळी फोन आला नाही. सकाळी तात्या आले, दूध घातलं आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. "निरोप न्हाई आला," मी म्हणालो. त्यांनी "बरं" म्हटलं नाही. किटली भिंतीला लावून संस्थेच्या पायरीवर बसले. दूधसंकलन संपलं, तरी बसलेले. मी दोनदा फोन लावला, लागत नव्हता. थोड्या वेळानं सोनाबाई आली. तिला निरोप मिळाला नव्हता म्हणून ती स्वतः चौकशीला आली होती. ती पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली. ऊन पायरीवरून चढत भिंतीवर गेलं. दोघं हलले नाहीत, भांडलेही नाहीत.

दुपारी एकच्या सुमाराला फोन वाजला. डोंगरात रेंज नव्हती, बरोबरच्या तिघांना ताप आला होता, रात्रभर त्यांच्याजवळ बसले, आता कुठं खाली उतरलोय, असं ती धापा टाकत सांगायला लागली. मी कडक शब्दात बोलायच्या तयारीत होतो. तात्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. उलटा कानाला लावला. मी सुलटा करून दिला.

"पोचलीस का न्हाई?" तात्या एवढ्या मोठ्यानं ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली.

पलीकडून काही ऐकू येईना. लाइन तुटली असेल म्हणून मी हात पुढं केला, तर तात्यांनी तो बाजूला सारला. ते ऐकत होते. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"रडायला काय झालं बाय," ते म्हणाले. "आमी बसलोत की हितं."